संसर्गजन्य आजाराच्या संपर्कात आलेली बालके आणि मंगलकार्यातील उपस्थिती

॥ श्री ॥



आपल्या मंदिरात आणि मंदिराच्या सभागृहात वर्षभर मुंजी, बारशी, हळदीकुंकू, बोरनहाण, महाप्रसाद, बालसंस्कार वर्ग असे अनेक कार्यक्रम होत असतात. पौष-माघापासून वैशाखापर्यंत कार्यांची दाटी असते आणि नेमक्या त्याच काळात कांजिण्या व गोवर या आजारांचाही जोर असतो. त्यामुळे न्यासाच्या कार्यालयात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलाच्या वर्गातील एखाद्याला, शेजारच्या बाळाला किंवा घरातल्याच भावंडाला कांजिण्या आल्या आहेत. आपला मुलगा मात्र ठणठणीत आहे. त्याला कार्याला आणावे की घरी ठेवावे?

आजारी मुलाने समारंभास येऊ नये, याविषयी कोणाचे दुमत नाही. अडचण आहे ती निरोगी दिसणाऱ्या, परंतु आजाऱ्याच्या सहवासात आलेल्या मुलाची. त्याला सरसकट घरी बसविले तर त्याच्यावर अन्याय होतो. सरसकट आणले तर दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. या विषयाची माहिती एकत्र मिळावी व कुटुंबांना विचारपूर्वक निर्णय घेता यावा, या हेतूने हा लेख येथे देत आहोत. लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येक मुलाच्या बाबतीत आपल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अंतिम मानावा.

आपल्या परंपरेतील रीत

घरात 'देवी' आल्या की काय करावयाचे, याचे नियम आपल्या आजी-पणजींना मुखोद्गत होते. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावावयाचा, घरात फोडणी-तळण करावयाचे नाही, पाहुण्यांनी यावयाचे नाही, घरच्यांनी कोणाच्या कार्यास जावयाचे नाही आणि अखेरीस कडुलिंबाच्या पाण्याने स्नान घालावयाचे. शीतला देवीच्या हाती केरसुणी व जलकुंभ आहे, मस्तकी सूप आहे आणि कडुलिंब तिला प्रिय आहे. स्वच्छता, शीतलता आणि विश्रांती यांचा उपदेश त्या रूपातच सामावलेला आहे.

इंदूरच्या मराठी कुटुंबांना शीतला सप्तमी वर्षातून दोन वेळा भेटते. महाराष्ट्रातून आणलेल्या रीतीप्रमाणे ती श्रावण शुद्ध सप्तमीस येते. माळव्यात ती होळीनंतरच्या सप्तमीस असते. आपल्या पंचांगाप्रमाणे तो फाल्गुन वद्य, तर उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य पक्ष होय. काही घरी हे व्रत अष्टमीस करतात. त्या दिवशी चूल न पेटविता आदल्या दिवशीचे थंड अन्न नैवेद्य म्हणून घेण्याची प्रथा आहे. कांजिण्यांचा हंगाम आणि माळव्यातील ही सप्तमी साधारण एकाच सुमारास येतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ज्या रोगासाठी हे नियम मुख्यतः होते तो देवीचा रोग आता पृथ्वीवर उरलेला नाही. भारतीय उपखंडातील पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. पुढे 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग मराठीत रुळला तो या लसीवरूनच. भारतातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने रोगाच्या निर्मूलनाची घोषणा केली.

येथे एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा. देवीचा रुग्ण दुसऱ्याला आजार देत असे तो मुख्यतः अंगावर फोड दिसू लागल्यानंतर. म्हणून फोड दिसताच घर बंद करण्याची जुनी रीत त्या रोगापुरती पुष्कळ अंशी पुरेशी होती. कांजिण्या व गोवर यांचे तसे नाही. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या १ ते २ दिवस आधी, तर गोवराचा संसर्ग तब्बल ४ दिवस आधी सुरू होतो. मूल खेळत-बागडत असते, अंगावर एकही डाग नसतो आणि तरीही ते आजार पसरवीत असते. आपली रीत चांगलीच आहे. मात्र या दोन आजारांसाठी ती काही दिवस अलीकडे आणली पाहिजे. पुरळ येण्याची वाट न पाहता, आजाऱ्याच्या संपर्काच्या दिवसापासून गणना सुरू केली पाहिजे.

दिवसांचे गणित

रोगाचे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला परिपाक काळ म्हणतात. हा काळ प्रत्येक रोगाचा वेगळा असतो. या काळाच्या पूर्वार्धात मूल कोणालाही आजार देऊ शकत नाही. धोका असतो तो शेवटच्या टप्प्यात.

हे गणित प्रथम नीट मांडले गेले ते एका सामुदायिक प्रसंगावरूनच. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पाठविलेला तरुण वैद्य पीटर पानुम गावोगावी फिरून प्रत्येक घरी तारखा विचारीत गेला. एका गावातील १० माणसे ४ जून रोजी व्हेल माशांच्या सामुदायिक शिकारीसाठी एकाच होडीतून गेली होती आणि त्या सर्वांच्या अंगावर १८ जूनला पुरळ उठले, असे त्याला आढळले. संपर्क ते पुरळ यांतील अंतर सुमारे १४ दिवसांचे, हे यावरून सिद्ध झाले. आणखी एक गोष्ट त्याने नोंदविली. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांना ६५ वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही.

आपल्या समाजाला दिवस मोजण्याची सवय आहे. सोयर-सुतकाचे दहा दिवस, बाराव्या दिवसाचे बारसे, बाळंतिणीचा सव्वा महिना हे आपण काटेकोर पाळतो. तोच काटेकोरपणा येथे उपयोगी पडतो. मात्र एक स्पष्ट करणे आवश्यक आहे. आजाऱ्याचा संपर्क म्हणजे विटाळ किंवा अशौच नव्हे. त्या मुलात वा त्याच्या कुटुंबात काहीही अशुद्ध नाही. ठरावीक दिवस दूर राहणे हे केवळ इतरांच्या रक्षणासाठी आहे.

आजारनिहाय माहिती

१) कांजिण्या (माळव्यात यांना 'छोटी माता' असेही म्हणतात) : परिपाक काळ १० ते २१ दिवस. संसर्ग पुरळ येण्याच्या १ ते २ दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत. एकाच घरात राहणाऱ्या व पूर्वी कांजिण्या न आलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांना लागण होते. वर्गातील संपर्कात हे प्रमाण कमी असते. संपर्कानंतर ८ व्या दिवसापासून २१ व्या दिवसापर्यंतचा काळ जपण्याचा. पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या असल्यास किंवा लसीच्या दोन मात्रा झाल्या असल्यास सहसा बंधन नाही. संपर्क झाल्यापासून ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत, लस घेतल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.

२) गोवर : सर्वांत वेगाने पसरणारा. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू हवेत २ तासांपर्यंत राहू शकतात. लस न घेतलेल्या दहा व्यक्ती संपर्कात आल्यास नऊ जणांना लागण होऊ शकते. पुरळ संपर्कानंतर साधारण १४ दिवसांनी, क्वचित २१ दिवसांपर्यंत येते. संसर्ग पुरळाच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत. ज्या मुलाच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत त्याने निःशंक यावे. ज्याची लस झालेली नाही त्याला ७२ तासांच्या आत लस देता येते. ती न दिल्यास २१ दिवस समारंभ टाळावेत.

३) रुबेला (जर्मन गोवर) : मुलांमध्ये इतका सौम्य की अनेकदा लक्षातही येत नाही. गर्भवतीसाठी मात्र अत्यंत घातक. परिपाक काळ १२ ते २३ दिवस.

४) गालगुंड : परिपाक काळ १२ ते २५ दिवस. सूज आल्यापासून ५ दिवस घरी राहावे. संपर्कातील निरोगी मुलास सहसा रोखण्याची आवश्यकता नाही. परंतु कानाखाली दुखणे, चावताना त्रास अशी लक्षणे दिसताच थांबावे.

५) डांग्या खोकला : सहा महिन्यांच्या आतील बाळांसाठी प्राणघातक ठरू शकतो. संपर्कातील मुलाला साधी सर्दी-खोकला असली तरी डॉक्टरांना दाखविल्याशिवाय बारशाला आणू नये. डॉक्टर प्रतिबंधक औषध देऊ शकतात. रुग्णाने योग्य औषधाचे ५ दिवस पूर्ण होईपर्यंत घरी राहावे.

६) हात-पाय-तोंड रोग : परिपाक काळ ३ ते ६ दिवस. पाच वर्षांखालील मुलांमध्ये अधिक. लाळ, खेळणी व न धुतलेले हात यांतून पसरतो.

७) डोळे येणे : २०२३ च्या पावसाळ्यात देशभर याची मोठी साथ आली होती. हा आजार रुग्णाच्या डोळ्यांत पाहिल्याने लागत नाही. हात, रुमाल व पंचा यांतून लागतो. संपर्कातील निरोगी मुलास आणण्यास हरकत नाही, मात्र हात धुण्याची शिस्त हवी.

शासकीय लसीकरणात गोवर-रुबेलाची लस दोन मात्रांत, ९ ते १२ महिने व १६ ते २४ महिने या वयांत, विनामूल्य दिली जाते. कांजिण्या व गालगुंड यांच्या लसी बहुधा खासगी दवाखान्यात स्वतंत्र घ्याव्या लागतात. त्यामुळे 'सर्व लसी झाल्या आहेत' एवढ्यावर न थांबता लसीकरणाचे कार्ड प्रत्यक्ष उघडून पाहावे.

समारंभात कोण येणार आहे?

मूल कोणत्या आजाराच्या संपर्कात आले, एवढ्यावर निर्णय पूर्ण होत नाही. ते कोणाच्या सान्निध्यात जाणार आहे, हा प्रश्न तितकाच मोठा आहे. पुढील व्यक्तींना विशेष जपावे लागते.

*गर्भवती.* १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बरीच बाळे येऊ लागली. चौकशी करता त्यांच्या मातांना गरोदरपणाच्या प्रारंभी रुबेला होऊन गेल्याचे आढळले. पुढे हृदयदोष व बहिरेपणही त्याच कारणाने येतो हे स्पष्ट झाले. कांजिण्याही गर्भवतीस त्रासदायक ठरतात. गर्भधारणेचे पहिले तीन महिने सर्वाधिक नाजूक असतात आणि त्या काळात घरच्यांखेरीज कोणालाही ही वार्ता सांगितलेली नसते. म्हणजे हळदीकुंकवास जमलेल्या सुवासिनींपैकी कोण गर्भवती आहे, हे यजमानीणबाईंनाही ठाऊक नसते.

*तान्हे बाळ.* गोवराची लस नऊ महिन्यांनंतर मिळते. तोवर बाळाचे संरक्षण आईकडून मिळालेल्या व हळूहळू कमी होत जाणाऱ्या शक्तीवर अवलंबून असते. बारशाच्या दिवशी बाळ अवघे बारा दिवसांचे असते.

*दीर्घ उपचार घेणाऱ्या व्यक्ती.* कर्करोगावरील औषधे, मूत्रपिंडरोपणानंतरची औषधे किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या लहानथोरांची प्रतिकारशक्ती क्षीण असते. त्यांच्या बाबतीत कांजिण्या हा 'लहानपणीचा साधा आजार' राहत नाही.

*वयस्क.* बहुतेकांना बालपणी कांजिण्या येऊन गेलेल्या असतात. ज्यांना आल्या नसतील त्यांना मोठेपणी त्या अधिक त्रास देतात, फुप्फुसांवरही परिणाम करतात. याउलट, ज्येष्ठांना होणारी नागीण ही त्याच विषाणूमुळे होते. नागिणीच्या ओल्या फोडांच्या संपर्काने, कांजिण्या न आलेल्या बालकास कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा नागीण झालेल्या आजी-आजोबांनीही खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत आणि बाळास मांडीवर घेण्याचे टाळावे.

निर्णय कसा घ्यावा?

आम्ही पालकांना पुढील चार प्रश्न क्रमाने विचारण्यास सुचवितो :

१. आजार निश्चित कोणता आहे? 'अंगावर काहीतरी उठले आहे' या ऐकीव वार्तेवर विसंबू नये. शक्य असल्यास त्या कुटुंबास आपुलकीने फोन करून डॉक्टरांनी काय सांगितले ते विचारावे.

२. संपर्क किती निकटचा व कोणत्या तारखेचा? एका घरात झोपणारे भावंड, शेजारच्या बाकावरचा मित्र आणि त्याच शाळेतील दुसऱ्या तुकडीचा विद्यार्थी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. आपल्या मुलाला तो आजार येऊन गेला आहे काय, अथवा लसीच्या सर्व मात्रा झाल्या आहेत काय? झाल्या असल्यास बहुतेक वेळा प्रश्न येथेच सुटतो.

४. कार्याची तारीख जोखमीच्या दिवसांत येते काय, आणि तेथे जपावे लागणारे कोणी असणार आहे काय?

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

*बोरनहाण.* संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हा सोहळा होतो. बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि जमलेली चिमुकली मुले सतरंजीवर तुटून पडून ते वेचतात. वेचलेले लगेच तोंडात जाते. आजार पसरण्यास याहून सोयीचा प्रसंग नाही. समजा, ५ जानेवारीस आपला मुलगा कांजिण्या आलेल्या मित्रासमवेत दिवसभर खेळला आणि त्याची लस झालेली नाही. आठवा दिवस १३ जानेवारीस व एकविसावा २६ जानेवारीस येतो. २० जानेवारीचे बोरनहाण या काळात बसते. तेव्हा त्याला न नेणे योग्य. बोरनहाण त्याचेच असेल आणि त्या वर्षी रथसप्तमी फेब्रुवारीत असेल, तर २६ नंतरचा दिवस सहज धरता येतो.

*बारसे.* येथे नियम कडक असावा. लस न झालेले, संपर्कातील मूल जोखमीच्या दिवसांत असेल तर त्याने बारशाला येऊ नये; ते सख्खे मावसभावंड असले तरीही. पाळण्याजवळची गर्दी थोडी ठेवावी आणि बाळाचा मुका घेण्याची सवय सर्वांनीच सोडावी.

*मुंज.* पाहुण्यांपैकी एखादे मूल संपर्कातील असेल तर ते थांबू शकते. बटूच संपर्कात आलेला असेल तर काय? प्रथम डॉक्टरांकडून लसीची शक्यता तपासावी. संपर्कास तीनच दिवस झाले असतील तर वेळ गेलेली नाही. मुहूर्त जोखमीच्या दिवसांत येत असल्यास पुरोहितांशी बोलून पुढील मुहूर्त घ्यावा. मुंजीचा काळ माघापासून ज्येष्ठापर्यंत असल्यामुळे पर्याय सहसा मिळतो. तेही अशक्य असल्यास संस्कार घरच्या चार माणसांत करावा आणि भोजनसमारंभ नंतर ठेवावा. संस्कार मंत्रांनी व गुरूपदेशाने पूर्ण होतो. पंक्ती किती उठल्या, यावर तो अवलंबून नसतो.

*मंदिरातील दर्शन.* मोकळ्या प्रांगणात पाच मिनिटे थांबून जाणे आणि बंद सभागृहात तीन तास कीर्तनास बसणे यांत पुष्कळ अंतर आहे. कांजिण्यांच्या संपर्कातील मुलास पहिल्या आठवड्यात, म्हणजे जोखमीचे दिवस सुरू होण्यापूर्वी, दर्शनास आणण्यास हरकत नाही. जोखमीच्या दिवसांत घरूनच नमस्कार करावा. आद्य शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली शिवमानसपूजा हेच सांगते की, मनाने केलेली पूजाही देवास पोचते.

कांजिण्या घरातीलच भावंडास आल्या असतील तर गणना थोडी लांबते. आजारी मुलाच्या सर्व फोडांवर खपली धरली तो दिवस हा शेवटचा संपर्क मानून तेथून २१ दिवस मोजावेत.

सांगणे हाच खरा प्रश्न

वरील गणित अवघड नाही. अवघड आहे ते यजमानांना कळविणे. 'लोक काय म्हणतील', 'एवढ्या आग्रहाने बोलाविले आहे, न गेल्यास राग येईल', 'पोराचा हिरमोड होईल' या विचारांनी पालक गप्प राहतात. यजमानही संकोचाने विचारीत नाहीत. आणि या दोन संकोचांच्या मध्ये एखादी गर्भवती किंवा औषधे घेणारे बालक, काहीही ठाऊक नसताना, येऊन बसते.

सक्तीने हा प्रश्न सुटत नाही, हे इतिहासाने दाखविले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेण्यात आल्या. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि संतापाचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारात झाले. भीती व अपमान वाटला की माहिती दडते. म्हणून कोणत्याही कुटुंबाचे नाव फलकावर लावणे, मुलांची दारात तपासणी करणे असे प्रकार आम्ही करणार नाही.

याउलट इंदूरचेच एक उदाहरण उद्बोधक आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबारास या शहराविषयीचा अहवाल सादर केला. त्यासाठी ते येथे काम करीत असताना शहरात प्लेगची भीती होती. त्यांनी दिवाळीची एक मोठी मिरवणूक योजिली आणि ज्या मार्गावर सर्वाधिक घरे स्वच्छ व दुरुस्त झालेली असतील त्या मार्गाने ती नेण्याचे जाहीर केले. मिरवणुकीत उंदराची व अस्वच्छतेची सोंगे होती. लोकांनी आनंदाने घरे-रस्ते झाडले. सण बंद न करता सणालाच आरोग्याचे साधन केले गेले. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ मध्ये प्रथम आलेल्या व पुढे वर्षानुवर्षे तो मान राखणाऱ्या या शहराला ही पद्धत परकी नाही. आणि वेळ आली तेव्हा इंदूरने थांबूनही दाखविले आहे. रंगपंचमीची आपली प्रसिद्ध गेर २०२० व २०२१ मध्ये निघाली नाही. २०२२ मध्ये ती पूर्वीच्याच उत्साहाने राजवाड्यावर आली.

त्याच २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व परिसरात गोवराची साथ आली आणि बालकांचे मृत्यू झाले. कोविडच्या काळात अनेक मुलांचे लसीकरण राहून गेले होते, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना अतिरिक्त मात्रा देण्याची मोहीम घ्यावी लागली. राहून गेलेली एक मात्रा घरापुरती राहत नाही, ती वस्तीचा प्रश्न होते, हे यावरून दिसते.

यजमानांना कळविताना फार लिहावे लागत नाही. 'आमच्या चिरंजीवांचा कांजिण्यांच्या रुग्णाशी अमुक तारखेस संपर्क आला आहे. तमुक तारखेपर्यंत आम्ही त्याला घरी ठेवीत आहोत. आमच्यापैकी एकजण येईल. आपल्या कार्यास शुभेच्छा' एवढे पुरे. ज्याला स्वतःला कांजिण्या येऊन गेल्या आहेत असा पालक निःसंकोच उपस्थित राहू शकतो. यजमानांनी असा निरोप आल्यास आग्रह करू नये, राग मानू नये. उलट आभार मानून त्या बालकासाठी प्रसाद व खाऊ आवर्जून पाठवावा.

न्यासाची नम्र विनंती

१. सभागृह आरक्षित करणाऱ्या यजमानांनी निमंत्रणासोबत 'आपल्याकडे कोणी संसर्गजन्य आजाराच्या संपर्कात असल्यास कृपया आधी कळवावे' अशी एक ओळ जरूर जोडावी.

२. संपर्काच्या कारणाने मुंज, बारसे वा बोरनहाण पुढे ढकलावे लागल्यास कार्यालयाशी त्वरित संपर्क साधावा. दुसरी तारीख देण्याचा आम्ही प्रयत्न करू. कारण गोपनीय ठेवले जाईल.

३. समारंभानंतर एखाद्या मुलास कांजिण्या वा गोवर झाल्याचे कळल्यास पालकांनी यजमानांस त्याच दिवशी सांगावे. गोवरात ७२ तासांची आणि कांजिण्यांत ३ ते ५ दिवसांची मुदत असते. ती हातची गेली की लसीचा उपयोग राहत नाही. उपस्थितांपैकी गर्भवती, तान्ह्या बाळांच्या माता व दीर्घ उपचार घेणाऱ्यांनी तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना गाठावे.

४. बालसंस्कार वर्गातील मुलांच्या पालकांनी मुलांच्या लसीकरणाचे कार्ड एकदा तपासून राहिलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात.

५. तीर्थ-प्रसाद घेण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. प्रांगणातील नळाजवळ ठेवलेल्या साबणाचा वापर करावा.

६. घरी राहिलेल्या बालकाच्या नावाने संकल्प करावयाचा असल्यास नाव व गोत्र कार्यालयात द्यावे. आरतीनंतर त्याचा प्रसाद पालकांकडे सुपूर्द केला जाईल.

सर्व बालकांना उत्तम आरोग्य व दीर्घायुष्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ, इंदूर